कोचकोरची गोधडी

११ सप्टेंबर, बिश्केक

आज संघाची नावं वाचली. माझं नव्हतं.

आमचे कुस्तीचे प्रशिक्षक, इरिसकेल्दी अगाय, कागद हातात धरून वाचत होते. आमच्या वजनगटाशी आल्यावर त्यांनी एकदा घसा खाकरला, आणि मला तिथंच कळलं. उल्जान. निवड चाचणीत हिला मी पहिल्याच फेरीत दुहेरी पट काढून चीत केलं होतं. अख्ख्या हॉलनं पाहिलं. अगायनी स्वतः पाहिलं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "अगाय, त्या दिवशी पाठ कुणाची लागली होती?"

"तिची."

"मग?"

"ती एकोणीसची आहे, बुरुलचा. तू अठ्ठावीसची. मला पुढची चार वर्षं बघायची असतात."

"आधी सांगायचं होतं. हरले असते. निदान कारण तरी मिळालं असतं."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू खूप केलंस. आता लहान मुलींना शिकव. मी बोलून ठेवलंय. तुला कुणी वाऱ्यावर सोडणार नाही."

पाय मोडलेल्या घोडीला कापायच्या ऐवजी चरायला सोडतात ना, तसा आवाज होता. मी त्यांचा हात खांद्यावरून उचलला आणि खाली ठेवला. असं मी आजवर कधी केलं नव्हतं.

अगाय आम्हाला सरावाची वही लिहायला लावायचे. वजन, डाव, चुका. दर शनिवारी तपासायचे. ही वही नवी आहे, ही कुणी तपासणार नाही. तेव्हा लिहिते: अगाय चुकले.

१२ सप्टेंबर

अजूनही चुकलेच.

१९ सप्टेंबर

जुन्या विणकाम कारखान्याखाली यूसुप बाइकेंचं तळघर आहे; बाइके म्हणजे थोरले भाऊ, सगळे त्यांना तसंच म्हणतात. तिथं पिंजऱ्यात लढणारी माणसं तयार होतात. ते दुंगान आहेत, चिनी वंशाचे मुसलमान, एके काळचे मुष्टियोद्धे, नाक तीन ठिकाणी वाकलेलं. मी दारात उभी राहिले तर त्यांनी आधी माझे कान बघितले. पैलवानाचे कान लपत नाहीत.

"वय?"

"अठ्ठावीस."

"छान. लवकर आलेले शहाणे होऊन निघून जातात. उशिरा आलेल्यांना जायला दुसरीकडं जागा नसते."

मला सायकाल नावाच्या मुलीसमोर उभं केलं. तिचा पहिलाच ठोसा नाकावर बसला. मी डोळे मिटले होते.

"डोळे उघडे ठेव, पैलवान," बाइके ओरडले. "ठोसा आहे तो, नवरदेव नाही, लाजून मान खाली घालायला."

मग मी पट काढला. सायकाल हवेत गेली आणि पाठीवर आली, अगदी सुबक. आणि मी सवयीनं उठले, तिला उठवायला हात पुढं केला. सायकालनं माझा हात धरला, नीट उभी राहिली, आणि माझ्या तोंडावर ठोसा मारला.

लोक हसून हसून भिंतीला टेकले.

बाइके मला बर्फ देत म्हणाले, "तुमच्यात पाठ लागली की संपतं. आमच्यात पाठ लागली की सुरू होतं. एवढं शिकलीस की बाकी सगळं तुला येतंय."

नाक सुजलंय. पण आठवड्याभरात आज पहिल्यांदाच भूक लागली. दोन वाडगी लाघमान, रश्शातल्या शेवया, खाल्लं आणि सायकालच्या वाडग्यातलंही.

४ ऑक्टोबर

अगायचा फोन. बातमी पोचली तर.

"पिंजऱ्यात? बुरुलचा, पिंजऱ्यात माकडं असतात."

"तुमच्या कागदावर जागा नव्हती, अगाय. माकडांनी सरकून जागा दिली."

ते म्हणाले, लहान मुलींना शिकवायची शाळेतली जागा अजून भरलेली नाही. मी म्हणाले, उल्जानसाठी ठेवा, तिलाही कधीतरी अठ्ठावीस लागेल.

फोन ठेवल्यावर वाटलं, जरा जास्त झालं. मग वाटलं, नाही झालं.

३० नोव्हेंबर, कोचकोर

हिवाळ्याच्या मांसासाठी घोडा कापायचा होता म्हणून घरी आले. अंगण माणसांनी भरलेलं. बायका आतडी धुवत होत्या, मीही बाह्या वर करून बसले. माझ्या सुजलेल्या भुवईकडं सगळ्या बघत होत्या आणि कुणीच विचारत नव्हतं. शेवटी शेजारचे म्हातारे तुर्गुनाके यांनी विचारलं. त्यांना पोटात काही ठेवता येत नाही.

"बुरुलचा, नवरा मिळत नाही म्हणून माणसं मारायला लागलीस होय?"

"मिळतात की, तुर्गुनाके. टिकत नाहीत. एकदा उचलून आपटलं की पळतात."

सगळे हसले. अताके हसले नाहीत. ते बरगड्या सोडवत होते, खाली मान घालून. माझे वडील या खोऱ्यातले नावाजलेले पैलवान. कुठंही लग्न असलं आणि पट्ट्याची कुस्ती असली की पहिलं बोलावणं त्यांना. मला चालायला येण्याआधी त्यांनी पडायला शिकवलं, असं आपा, माझी आई, सांगते.

माणसं आत जेवायला गेल्यावर ते बोलले.

"तिथं काय करतात? माणूस पाडल्यावर?"

"मारतात."

"पडलेल्याला?"

"हो."

"पडलेल्याला हात द्यायचा असतो. हे तुला शिकवलं होतं मी."

"शिकवलं होतंत. हात देऊन देऊनच अठ्ठावीसची झाले, अताके."

त्यांनी सुरी पुसली. "पडलेल्याला मारतो तो पैलवान नाही. तो दारुड्या. रस्त्यावरचा. तुला जायचं तर जा, मला विचारू नकोस."

"विचारलं कुठं?"

मग ते मेंढरांकडं गेले. जेवायला आले नाहीत. आपानं त्यांच्या वाट्याचं मांस झाकून ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते खाल्लं.

परतीच्या रस्त्यात बिश्केक येईपर्यंत मी यावर विचार केला, आणि असं ठरवलं की अताकेंचं बोलणं मी मनावर घेतलेलं नाही.

२१ डिसेंबर

पहिली लढत. जिंकले.

ओशची मुलगी होती, हात चांगले, पाय कच्चे. तिन्ही फेऱ्यांत तिला पाडलं. पाडलं आणि वर बसून राहिले. ती खालून वळवळत होती, मी दाबून धरत होते. तिला उठूच दिलं नाही. पंचांनी एकमतानं मला दिली.

पण मारलं नाही. हात उचलला असता तर पकड ढिली झाली असती आणि ती सुटली असती. साधं गणित आहे.

लोकांना गणित कळत नाही. दुसऱ्या फेरीपासून शिट्ट्या. "अगं मार की!" "झोप लागली का?" आणि मागून एक माणूस, फार मोठा आवाज होता त्याचा: "थंडी वाजतीये तिला, गोधडी घातलीये वरनं!" अख्खा हॉल हसला. माझ्याखालची मुलगीसुद्धा हसली, मला तिच्या पोटात जाणवलं.

खाली उतरल्यावर मी बाइकेंना पकडीचं गणित समजावून सांगितलं.

ते म्हणाले, "मी काही विचारलं का?"

२२ डिसेंबर

आपाचा फोन. लागलं का, खाल्लंस का, आणि मग मधेच म्हणाली, "पट काढताना तुझा डावा गुडघा आत वळतो. असाच राहिला तर एक दिवस मोडून घेशील."

आपाला गुडघा आणि खुबा यातला फरक कळत नाही. पण आईचं मन, तिला सगळं दिसतं. अताकेंना फोन दे म्हणाले तर म्हणाली, ते तुर्गुनाकेंकडं गेलेत. हल्ली ते सारखे तिकडंच असतात म्हणे. तुर्गुनाकेंनी मोठा टीव्ही घेतलाय. माझं तोंड बघायला नको म्हणून माणूस म्हाताऱ्यांबरोबर टीव्ही बघत बसतो. बसू देत.

गुडघा खरंच वळतो. उद्यापासून दुरुस्त करते.

१५ फेब्रुवारी

दुसरी लढत. पुकारा करणाऱ्यानंच माईकवरून म्हटलं, "आणि आता, कोचकोरची गोधडी!" आयोजक तेमिरलाननं त्याला शिकवून ठेवलं होतं. लोक ताटं वाजवल्यासारखे खुर्च्या वाजवत होते.

मला हे आधी कळलं होतं, म्हणून मी आपाकडून खरीच गोधडी मागवली होती. तिच्या हातची, लाल-काळ्या तुकड्यांची, लग्नात रुखवतात द्यायची असते तशी. "माझं लग्न कधी व्हायचं ते होऊ दे, गोधडी आत्ता पाठव," म्हणाले. ती खांद्यावर घेऊन मी पिंजऱ्यापर्यंत चालत गेले, मान वर, कुठल्या राणीनं काय चालावं. शिट्ट्या मधेच थांबल्या. मग टाळ्या सुरू झाल्या. म्हणायचंय ना गोधडी? घ्या. ही बघा.

जिंकले. पुन्हा गुणांवर. वर बसल्यावर कोपर मारायला जागा होती असं बाइके म्हणतात. मला दिसली नाही. हातमोजा घट्ट होता, मूठ नीट वळत नव्हती.

५ मार्च

तेमिरलान आला होता. अल्माटीत लढत आहे, अक्मारलशी. तिला सगळा कझाकस्तान ओळखतो, तिचे फोटो दह्याच्या डब्यांवर आहेत. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि बाइके म्हणाले, "नाही."

तो बाहेर गाडीकडं गेल्यावर आमचं वाजलं.

"का नाही?"

"ती उभ्यानं मारते. पाठीवर पडली तर जास्त मारते. त्यांना तुझी लढत नकोय, पोरी. त्यांना गोधडी झटकताना बघायचीये."

"मी तिला पाडेन."

"पाडशील. मग?"

"मग धरेन."

"तेच म्हणतोय मी." ते सायकालकडं वळले. "आडवी हो." सायकाल गोळी लागल्यासारखी जाऊन आडवी झाली. "बस तिच्यावर. एक ठोसा मार. एकच. खरा. मग मी स्वतः जाऊन सही करून येतो."

मी बसले. मूठ वर नेली. खांदा सकाळपासून भरून आला होता, नेमका तिथंच अडकला.

"मार ना गं," सायकाल खालून म्हणाली. "मला घरी जायचंय."

मी उठले. बाइके टॉवेल घडी करत बसले. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, एवढंच यातून कळलं. अगायना मी म्हातारी वाटले, यांना मऊ वाटते. मी सरळ तेमिरलानच्या मागे बाहेर गेले आणि त्याच्या गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली.

परत आले तर बाइके म्हणाले, "केलीस?"

"केली."

"बरं. मग उद्या सकाळी लवकर ये."

२८ मार्च

फक्त पोत्यावर काम चाललंय. बाइके म्हणतात हात आता चांगले झालेत. पोत्याला मी उत्तम मारते. पोतं पडत नाही.

१३ एप्रिल, अल्माटी

हरले. आधी हे लिहून टाकते, म्हणजे उद्या गोड करून सांगायची सोय राहणार नाही. दोन पंच तिच्या बाजूनं, एक माझ्या.

पहिल्या फेरीत तिनं माझ्या पोटरीवर लाथा घातल्या. दगड मारावा तशा. तरी मी आत शिरले, पट काढला, ती पडली. हॉल गप्प. मी वर बसले, धरलं. आणि ती खालून सुरू झाली. कोपर, कोपर, टाच, गुद्दा. मी धरून ठेवतेय आणि ती मारतेय. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. तिच्या कोपरानं माझी भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं आणि तिच्या छातीवर ठिबकायला लागलं.

कोपऱ्यात आले तेव्हा बाइकेंनी जखमेवर कापूस दाबला.

"वर तू. रक्त तुझं. हे कुठलं गणित, मला सांग."

मी चूळ भरून थुंकले.

तिसऱ्या फेरीत मी तिला लंगी मारली. ती धप्पकन आली, श्वास सुटला तिचा. मी वर आले. तिनं एका हातानं माझी मान खाली ओढली, तोंड माझ्या कानाजवळ आलं, आणि ती म्हणाली, "दमलीस का गं, म्हातारे?"

कझाक आणि आमची बोली यात फरक तो किती. कान फुटले असले तरी कळतं.

मला हसू आलं. खरंच आलं. ही बाई पाठीवर पडलेली, माझं सगळं वजन छातीवर, आणि हिच्या डोळ्यात पडल्याचं नावसुद्धा नाही. मी मान सोडवली, सरळ झाले आणि मारलं.

तो आवाज पोत्याचा नव्हता.

मग थांबले नाही. तीही थांबली नाही. मी वरून, ती खालून. मूठ नीट वळत होती, खांद्याला काही झालं नव्हतं. तिचा एक डोळा मिटला, मग नाक गेलं, पंच वाकून तिचं तोंड बघायला लागला, त्याचा हात मधे यायला निघालाच होता, तेवढ्यात भोंगा वाजला. तिच्या गावचा हॉल, आणि लोक उभे राहिले होते. आमच्या दोघींसाठी.

निकालानंतर मी तिच्या खोलीत गेले. बाइके म्हणाले नको जाऊस, म्हणून गेले. ती बाकावर बसली होती, डोक्यावर बर्फाची पिशवी. मला बघून तिनं पाय सरकवून बसायला जागा दिली.

"अजून एक मिनिट असतं तर मी संपले होते," ती म्हणाली.

"हो."

"हो काय, जरा खोटं तरी नाही म्हण." तिनं पिशवी खाली घेतली. "मग आधीच्या दोन फेऱ्या काय करत होतीस? मला वाटलं, ही माझी कीव करतेय. देवाशपथ, मार खाण्यापेक्षा त्याचा जास्त राग आला."

"कीव नव्हती."

"मग काय होतं?"

"अंतर बरोबर जमत नव्हतं."

तिनं उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "चांगली लढतेस. खोटं बोलायला मात्र शीक."

मग आम्ही दोघींनी तिच्या आईनं आणलेले बाऊरसाक, तळलेल्या पिठाचे गोळे, खाल्ले. तिला चावता येत नव्हतं, चहात बुडवून खाल्ले तिनं.

तेमिरलान बाहेर उड्या मारत होता. शरद ऋतूत बिश्केकला पुन्हा हीच जोडी, म्हणतो. बाइकेंनी माझ्याकडं बघितलं. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. "तुझं तू ठरव," म्हणाले. "तसंही तू टपावर सही करतेस."

२१ एप्रिल, कोचकोर

भुवईचे टाके काढायला बिश्केकमध्ये थांबायला हवं होतं. पण मेंढ्या व्यायला लागल्यात आणि आपा एकटी पडते, म्हणून आले. निदान आपाला तसं सांगितलं.

गाडीतून उतरल्यावर रस्त्यातच तुर्गुनाके भेटले. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पोरी, तुझ्यापायी माझी खुर्ची मोडली," म्हणाले. "तिसऱ्या फेरीत तुझा बाप टीव्हीपुढं उभा राहिला आणि मागं न बघता तिच्यावरच बसला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

अताके वाड्यात होते, गुडघ्याएवढ्या चिखलात. एका मेंढीला मोकळं करत होते. मी सलाम केला. त्यांनी मान हलवली. मी बाह्या वर केल्या, मेंढीचं डोकं धरलं. कोकरू बाहेर आलं, त्यांनी त्याच्या तोंडावरचं पुसलं, आईपुढं ठेवलं. हात गवतावर घासले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"दोन फेऱ्या झोपली होतीस का?"

अंतराचं कारण ओठांवर आलं होतं, पण यांच्यासमोर ते चालत नाही.

"वर बसून मार खाल्लास. साठ वर्षांत असला मूर्खपणा मी बघितला नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "तुम्हीच म्हणाला होतात. दारुड्या मारतो पडलेल्याला. याच अंगणात."

"म्हणालो होतो. आजही म्हणतो. मला ते आवडत नाही आणि मरेपर्यंत आवडणार नाही."

"मग?"

"मग काय मग? गेलीस मला न विचारता, आणि लढलीस मला विचारून. हा काय प्रकार? एक तर विचार, नाहीतर विचारू नकोस. अर्धं अर्धं करून भुवई फोडून घेतलीस."

तिकडं मेंढी कोकराला चाटत होती. मी म्हणाले, "नाही विचारणार."

"विचारू नकोस."

"तुम्हाला आवडो न आवडो."

"मला नाहीच आवडणार. सांगितलं ना."

मग त्यांनी टोपी काढून खांबाला अडकवली. "पहिल्या फेरीत तिनं कंबर कशी सोडवली तुझ्या हातातून? उभी राहा इकडं. धर."

"अताके, तुमचा मणका..."

"धर म्हटलं."

मी धरलं. त्यांनी माझा पट्टा धरला, आणि मला काही कळायच्या आत आभाळ खाली आलं. सात महिने तळघरात घालवून मी चिखलात पाठीवर पडले होते, आणि साठीचा माणूस कमरेवर हात ठेवून वर उभा होता. "ए, बाहेर ये!" त्यांनी आपाला हाक मारली, छाती फुगवून. "बघ तुझी लेक! लागली पाठ! संपलं!"

आपा दारात आली, हात पिठानं भरलेले. ते तिच्याकडं वळले, एवढंच मला पुरलं. मी पडल्यापडल्या त्यांचा घोटा पकडला, दुसऱ्या पायामागे माझा पाय घातला आणि ओढलं.

अताके मेंढ्यांच्या मधोमध पडले. चारी बाजूंना मेंढ्या पळाल्या. मी त्यांच्या छातीवर चढून बसले, मूठ वर केली आणि तशीच धरली. आपा दारातून ओरडत होती की दोघांनाही आज घरात घेणार नाही, दोघांनीही मेंढ्यांत झोपावं.

अताकेंच्या दाढीला चिखल लागला होता. ते धापा टाकत होते. सुटायला खालून दोनदा जोर केला त्यांनी, आणि सुटले नाहीत.

"ही कुस्ती नाही," ते म्हणाले.

"मी कधी म्हटलं, आहे म्हणून?"